कडेवर घेऊ की नको?

प्रश्न : डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन चार आठवडे झाले. काखेतल्या गाठीही काढल्या. पुढच्या आठवड्यात किमो सुरू होईल. मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याला कडेवर घेऊ का? सासूबाई म्हणतात, किमो संपेपर्यंत मुलांना शेजारी झोपवू नकोस. नऊ वर्षांच्या मुलीला अजून काहीच सांगितलेलं नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : मुलांना खुशाल कुशीत घ्या. कॅन्सर लागत नाही. किमोच्या औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून साधारण ४८ तास बाहेर पडतो, तेवढंच जपायचं. संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडा. उलटी किंवा खराब झालेली चादर आवरताना हातमोजे घालावेत, ते कपडे वेगळे धुवावेत.

धोका खरं तर मुलांकडून तुम्हाला आहे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. बालवाडीतून आलेल्या मुलाचे हात साबणाने धुऊन, कपडे बदलूनच त्याला जवळ घ्या. घरात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. आधी पॅरासिटामॉल घेऊ नका. त्याने ताप उतरतो, संसर्ग आत वाढतच राहतो आणि तोच जिवावर बेतू शकतो.

आता कडेवर घेण्याचं. तीन वर्षांचं मूल म्हणजे तेरा-चौदा किलो. ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे डाव्या हाताने दोनेक किलोपेक्षा जास्त उचलू नका, पुढे फिजिओथेरपिस्टला विचारून वजन हळूहळू वाढवा. तोवर तुम्ही खाली बसा, त्याला उजवीकडून मांडीवर चढू द्या. पण हात जपायचा म्हणून अंगाशी धरून बसू नका! भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम दिवसातून दोन-तीनदा करा. खांदा आखडला तर पुढे रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर ठेवता येत नाही आणि उपचार लांबतात. काखेतल्या गाठी काढल्यात, म्हणून हाताला सूज येते का, तेही पाहत राहा. दर महिन्याला कोपराच्या १० सेंमी वर आणि १० सेंमी खाली, दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा. आधीच्या नोंदीपेक्षा डावा हात २ सेंमीने वाढला, किंवा बांगडी, ब्लाउजची बाही घट्ट होऊ लागली, तर दाखवा. हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी.

मुलीला मात्र किमोआधीच सांगा. आजाराचं नाव घ्या, नाहीतर ते तिला शेजारच्या काकूंकडून कळेल. केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात, हेही आधी सांगितलेलं बरं. तिच्या वागण्यामुळे हे झालेलं नाही, हे तिने विचारलं नाही तरी सांगा. या वयाची मुलं तसं मनात धरून बसतात. ‘तू मरणार का?’ असं विचारलं तर ‘डॉक्टर चांगलं औषध देताहेत, काही बदललं तर मी तुला सांगेन’ एवढं पुरे. आणि तुम्ही हॉस्पिटलात असाल त्या सकाळी तिची वेणी कोण घालणार, डबा कोण भरणार, हे नावानिशी सांगून ठेवा.