हिमराणी सांगलीच्या रंगमंचावर

प्रश्न : मी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. 'हिमराणी'चा जुना रशियन ॲनिमेशनपट पाहिल्यापासून, स्नेहसंमेलनात त्याचेच नाटक करू या, असा मुलांनी हट्ट धरला आहे. सांगलीच्या मुलांनी बर्फ पडताना पाहिलेला नाही. तेव्हा कथा कृष्णाकाठी आणून बर्फाऐवजी दुष्काळ दाखवावा का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : बर्फ काढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. काचेचे कुसळ डोळ्यांत आणि काळजात रुतल्याने मुलगा आतून गोठत जातो आणि मैत्रिणीच्या आसवांनी ते गोठलेपण वितळते, याच धाग्यावर सारी कथा विणलेली असल्यामुळे, दुष्काळ आणला तर वितळण्यासारखे काही उरतच नाही. मुलांनी राक्षसही पाहिलेला नसतो, तरी तो त्यांना कळतो.

हा चित्रपट लेव्ह अतामानोव्ह यांनी मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या संस्थेत १९५७ साली केला. मूळ कथा हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची, १८४४ सालची. दोन्हींतला एक फरक आपल्या कामाचा आहे. राणी आली तर तिला तापल्या शेगडीवर बसवीन, असे मुलगा अँडरसनच्या कथेतही म्हणतो. परंतु ज्या आरशाचे कुसळ त्याला रुतते, तो तिथे सैतानाचा असून आधीच निसटून फुटलेला असतो. चित्रपटात हेच बोलणे ऐकून संतापलेली राणी स्वतः आरसा फोडते. कारण असे डोळ्यांसमोर घडले की लहान प्रेक्षकांना पुढचे सारे पटते. मात्र चित्रपटातील संवाद आणि गाणी उचलू नयेत. ती आपली आपणच रचावीत.

मित्र परत मिळावा म्हणून मुलगी आपले नवे लाल बूट नदीला देते, तो प्रसंग कापू नये. घाटावर कृष्णामाईची ओटी भरणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही, आणि नदी बूट काठाशी परत आणून टाकते तेव्हा त्या मुलीइतकेच तेही कासावीस होतील. एवढा कृष्णाकाठ पुरेसा आहे.

मुलाचे मूळ नाव 'काय' असे उच्चारतात. ते तसेच ठेवल्यास त्याला मारलेली हाक प्रश्नासारखी ऐकू येईल. म्हणून 'काई' म्हणावे. बर्फासाठी दोन मुलांनी पांढरे धोतर जमिनीलगत धरून हळूहळू हलवावे, आणि मुलगी रडते तेव्हा पेटी-तबला थांबवून तेच धोतर सावकाश खाली ठेवावे.