कॉर्टिसोलचं घड्याळ

प्रिय मित्रा,

रात्री पावणेतीनला पाठवलेला तुझा कॉर्टिसोलचा, म्हणजे ताणाच्या हार्मोनचा, रक्ताचा रिपोर्ट सकाळी पाहिला. आकडे ठीक आहेत. मला खटकली ती पाठवण्याची वेळ.

'कॉर्टिसोल कमी करणाऱ्या' गोळ्या मागवू नकोस. 'ॲड्रिनल फटिग', म्हणजे ताणानं ॲड्रिनल ग्रंथी थकतात, हे निदान हार्मोन्सचे तज्ज्ञ मानतच नाहीत, पण त्यावरच्या बाटल्या मात्र धडाक्यात खपतात! मुळात कॉर्टिसोल शत्रू नव्हे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथी तो तयार करतात. तो पहाटे चढू लागतो, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळतो आणि दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातो. रक्तात तो वाढला की मेंदूच ग्रंथींना 'पुरे' म्हणतो. म्हणजे ब्रेक आतच आहे, आपण रात्रंदिवस ॲक्सिलरेटर दाबून धरतो एवढंच.

तुझ्या वयाचा असताना मीही उशाशी फोन घेऊन झोपायचो. अकरा वाजता साहेबांचा एक ओळीचा मेल यायचा आणि मग कुशीवर वळलं की उशीत स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू यायचे. अंग मोडून आलेलं, डोकं मात्र टक्क जागं. मी आधी लवकर झोपायचा हट्ट धरला, तो साफ फसला. उपयोग झाला तो उठण्याची वेळ पक्की केल्याचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तीच वेळ, आणि उठल्यावर तडक बाहेरच्या उजेडात. पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या आठवड्यात रात्री आपोआप जांभया येऊ लागल्या.

कॉफी सोडू नकोस, दुपारनंतरची तेवढी टाळ. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. व्यायाम कर, पण झोपायच्या तोंडावर दमछाक करणारा नको, त्यानं कॉर्टिसोल तात्पुरता वाढतो.

मात्र वजन विनाकारण घटतंय, त्वचा काळवंडतेय, उभं राहताच घेरी येतेय, किंवा चेहरा गोल होऊन पोटावर रुंद जांभळे पट्टे उठतायत, असं काही असेल तर पत्रं बाजूला ठेवून डॉक्टर गाठ. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनानं अचानक बंद करायच्या नाहीत. तोवर ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो.

आणि हो, रक्त किती वाजता दिलंस? रिपोर्टवर वेळच दिसत नाही. सकाळी आठचा आणि दुपारी चारचा आकडा एका मापानं वाचता येत नाही. तेवढं कळव.

तुझा,
काका