वह्या तपासायचं काम तिच्याकडून काढून घ्या

‘ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. सातवीतली एक मुलगी विलक्षण हुशार आहे. मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार. रिकामी बसू नये म्हणून बाकीच्यांच्या वह्या तिच्याकडेच तपासायला देतो. परिपाठाला सगळ्या शाळेसमोर तिचं कौतुक करतो. पुण्यात माझ्या बहिणीकडे राहून तिनं गणिताच्या ऑलिम्पियाड स्पर्धेचा क्लास लावावा, असं घरी जाऊन सांगितलं. आईनं साफ नाही म्हटलं. या आईला कसं समजावू?’
– एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

सर, आईचं नंतर बघू. मला त्या वह्या खटकल्या.

पोरीचं गणित दोन मिनिटांत होतं आणि उरलेला तास ती दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेनानं गोल करत बसते. तुमच्या तासाला वर्गातलं प्रत्येक मूल कुठेतरी अडतं, खोडतं, पुन्हा मांडतं. तिच्या वाट्याला ते येतच नाही. तिच्यावर तुमचा जीव आहे हे पत्रात ओळीओळीला दिसतं, म्हणूनच मला राग आला. परिपाठातलं कौतुक पुरे झालं. तिला न येणारं गणित तिला कोण देणार?

ऑलिम्पियाडचं म्हणता, तर एवढं बघा. स्कॉलरशिपच्या भाषा आणि गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, तिथे तिचा वेग उपयोगी पडेल. ऑलिम्पियाडच्या विभागीय फेरीत तीन तासांत सहाच गणितं असतात. एकेका गणितापाशी अर्धा अर्धा तास अडून बसावं लागतं. ही सवय तिला तुमच्याच वर्गात लागू शकते.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये जगासमोर मांडलेली गोष्ट तिला द्या. चार आकडी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४च येतं. कोणत्याही संख्येनं सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचतो.

हे ती दहा मिनिटांत करून दाखवेल. तेव्हा शाबासकी देऊन मोकळे होऊ नका. विचारा, तीन आकडी संख्येचं काय होतं? दोन आकडीचं? आणि का होतं? तीन आकडीत मधला अंक वजाबाकीत उडतो आणि उत्तर नेहमी ९९च्या पटीत येतं. सातवीच्या बीजगणितात हे सिद्ध करता येतं. पण हे तिला सांगायचं नाही. तिचं तिला सापडू द्या. दोन आकडीचं मी इथे लिहीत नाही, ते आधी तुम्ही स्वतः करून बघा.

आईचं म्हणाल, तर सातवीतल्या मुलीला परक्या घरी ठेवायला ती तयार नाही, यात समजावण्यासारखं काही नाही. पुढच्या वर्षी आठवीत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. पास होऊन यादीत आली तर नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला हजार रुपये मिळतात. त्याचा फॉर्म घेऊन घरी जा, पुण्याचा विषय काढू नका.

सोमवारी वह्या तुमच्या टेबलावर घ्या. ती आठवडाभर अडली तरी उत्तर फोडू नका. आणि तिनं काय शोधलं ते मला नक्की कळवा.