उंच ॲडव्हेंचर मोटारसायकल घ्यावी की वडिलांची जुनी येझदी दुरुस्त करून वापरावी?

तुम्ही लिहिले आहे की तुमची उंची पाच फूट पाच इंच आहे, घर कासारवडवलीला आणि नोकरी ऐरोलीला आहे, महिन्यातून एकदा तुम्ही माळशेजला किंवा भंडारदऱ्याला जाता, आणि वडिलांची १९८८ सालची येझदी घरी झाकून ठेवलेली आहे. मीही ठाण्यातच राहतो. माझ्याकडे एकवीस वर्षांपासून चार गियरची जुनी बुलेट आहे, गेली चार वर्षे तिच्या जोडीला एक उंच ॲडव्हेंचर गाडीही आहे, आणि उंचीने मी तुमच्यापेक्षा जेमतेम एक इंच जास्त असल्यामुळे उंच गाडी झेपेल का, ही तुमची शंका मला नेमकी समजते.

उंच गाडीची अडचण ती धावत असताना जाणवत नाही, ती थांबताना जाणवते. तळहातावर पेन्सिल उभी धरणे कठीण जाते, पण लांब काठी सहज तोलता येते, कारण लांब वस्तू कलायला अधिक वेळ घेते आणि तेवढ्या वेळात हात तिला सावरतो. धावत्या उंच गाडीचे काहीसे तसेच आहे, शिवाय तिचे रुंद हँडल थोड्याशा जोरानेही वळते. तीच गाडी सिग्नलला उभी राहिली की हिशेब उलटतो. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० या ॲडव्हेंचर गाडीचे उदाहरण घ्या: सीटची उंची ८२५ मिलिमीटर आणि वजन १९६ किलो. एवढे वजन सरळ उभे असेपर्यंत दोन बोटांनीही तोलता येते, परंतु एका बाजूला ठरावीक मर्यादेपलीकडे कलले की सशक्त माणसालाही धरवत नाही. एकदा कापूरबावडीच्या सिग्नलला मी डावा पाय टेकवला तेव्हा नेमक्या त्याच जागी पेव्हर ब्लॉक खचलेला होता. पाय तीन-चार इंच अधिक खाली गेला आणि गाडी सावकाश, मला पूर्ण कळत असताना, आडवी झाली. त्या दिवसापासून मी थांबण्यापूर्वी पाय कुठे पडणार ती जागा आधी पाहतो, शेवटच्या काही फुटांत पुढचा ब्रेक सोडून केवळ मागचा वापरतो, आणि कंबर किंचित डावीकडे सरकवून एकच पाय पूर्ण टेकवतो. दोन्ही पायांचे चवडे टेकवून तोल धरण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे आहे आणि आठवडाभराच्या सरावाने अंगवळणी पडते.

ही उंची शोभेसाठी दिलेली नसते. चाकाला २०० मिलिमीटर वर-खाली होण्यास वाव हवा असेल, तर इंजिन आणि सीट तेवढी वर न्यावीच लागते. पुढचे २१ इंची चाक खड्ड्याच्या कडेला लहान चाकापेक्षा कमी तिरक्या कोनात भिडते, म्हणून धक्का कमी बसतो आणि हँडल हिसकले जात नाही. गायमुखच्या घाटात पावसाळ्यात एकदा गेलात की हे सांगावे लागणार नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचते तेव्हाही उंच गाडी तरून जाते. तरी पाण्याखालचा खड्डा कोणत्याच गाडीला दिसत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर अंदाज न घेता पाण्यात शिरू नये.

जुनी गाडी मात्र चालवणाऱ्याकडून रस्ता वाचून घेते. माझ्या बुलेटचे ३४६ सीसीचे, लांब स्ट्रोकचे (दट्ट्या जास्त अंतर वर-खाली होणारे) इंजिन कमी फेऱ्यांत शांतपणे ओढते, दोन्ही तळवे जमिनीवर टेकतात, आणि ताशी पन्नासच्या वेगातही प्रवासाचे पूर्ण समाधान मिळते. पण तिचे ड्रम ब्रेक भिजले की उशिरा धरतात, म्हणून मी पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवतो. तिचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. त्यामुळे गाडी बदलली की पहिली पाच मिनिटे मी वसाहतीच्या आतल्या गल्लीतच फिरतो, कारण घाईच्या क्षणी पाय जुन्या सवयीनेच चालतो.

येझदीबद्दल अधिक काळजीने लिहितो, कारण तुमचा जीव तिच्यात गुंतलेला दिसतो. ती टू-स्ट्रोक आहे, म्हणजे इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळते. माळशेजहून परत येताना सलग उतार लागतो. त्या वेळी थ्रॉटल (वेग वाढवणारी मूठ) बराच वेळ बंद ठेवला तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी जाते, म्हणून अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा उघडावा लागतो. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचा अटकावही, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाने गाडीचा वेग रोखणेही, कमी, त्यामुळे उताराचा सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो आणि ते तापले की पकड सोडू लागतात. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्या काळातले रबरी पाइप व कार्ब्युरेटरमधली वॉशरे त्यासाठी बनवलेली नव्हती. म्हैसूरचा मूळ कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. सुटे भाग आजही मिळतात, पण दर्जा पारखणारा जाणता मेकॅनिक सोबत लागतो.

तुमचा रोजचा रस्ता आणि महिन्याचा घाट पाहता माझे मत उंच गाडीच्या बाजूचे आहे. मात्र सस्पेन्शन खाली करून घेऊ नका. त्याने जमिनीपासूनचे अंतर घटते, गाडीच्या वळण्यात फरक पडतो आणि साइड स्टँड लांब ठरून गाडी धोकादायकरीत्या सरळ उभी राहते. कमी उंचीची सीट मिळत असेल तर तीच घ्या. चाचणीसाठी घाटात घालणार ते बूट घालून आणि मागे माणूस बसवून जा, आणि चढाच्या रस्त्यावर गाडी थांबवून पुन्हा निघून पाहा.

येझदी विकू नका. तिची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घेतलेली आहे का, ते आधी कागदांत पाहा. नसेल तर इंजिनाला हात लावण्यापूर्वी आरटीओचे काम मार्गी लावा. मग टाकी उतरवून गंज काढा, सगळे रबरी पाइप बदला, आणि रविवारी सकाळी रहदारी सुरू होण्यापूर्वी वडिलांना मागे बसवून उपवन तलावापर्यंत एक फेरी मारा.