बिनपगारी रजा, मागितलेला राजीनामा आणि घरी न सांगितलेली गोष्ट

"कंपनीने बिनपगारी रजेवर पाठवले आहे आणि आता राजीनामा लिहून द्या म्हणतात. देऊ का? आणि घरी हे कोणत्या तोंडाने सांगू?" समुपदेशक म्हणून काम करताना हे दोन प्रश्न मला २०२० पासून अनेकांनी विचारले आहेत. विचारणाऱ्यांमध्ये हॉटेलांत काम करणारे होते, वाळूजच्या कारखान्यांतले होते आणि खासगी शाळांतले शिक्षकही होते. बहुतेकजण दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारतात, कारण त्यांच्या मनात ते वेगळे राहिलेले नसतात. महासाथीच्या काळात छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, चिकलठाणा विमानतळावरील एका कर्मचाऱ्यासोबत केलेल्या कामाचा अनुभव मी येथे त्यांच्या परवानगीने मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ पस्तिशीच्या आसपासचे, जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातले. प्रवाशांचे चेक-इन, बोर्डिंग आणि सामानाच्या तक्रारी ही कामे ते नऊ वर्षे करत होते. शहरात कर्जावर घेतलेला लहानसा फ्लॅट, पत्नी, एक मुलगी आणि गावाकडे आईवडील, कपाशी व थोडी मोसंबी असा त्यांचा प्रपंच होता. गावात त्यांचा उल्लेख 'विमानतळावरचे साहेब' असाच होई. या उल्लेखाचा पुढे त्यांना किती जाच झाला हे त्यांच्या बोलण्यातून हळूहळू कळत गेले.

२५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमाने थांबली. ती २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली तेव्हा कंपन्यांना एक तृतीयांश क्षमतेचीच परवानगी होती. जूनअखेर ती ४५ टक्के आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ६० टक्के झाली. पूर्ण क्षमतेसाठी १८ ऑक्टोबर २०२१ उजाडावा लागला. उड्डाणेच नसतील तर काउंटरवर माणसे कशाला, हा हिशेब लहान विमानतळांवर सर्वांत आधी झाला. यांच्या कंपनीने आधी पगारात कपात केली, नंतर महिन्यातील काही दिवस बिनपगारी केले आणि जुलैमध्ये 'पुढील सूचनेपर्यंत' बिनपगारी रजेचे पत्र ई-मेलने पाठवले. त्याच महिन्यात इंडिगोने दहा टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले आणि एअर इंडियाने पाच वर्षांपर्यंत वाढवता येईल अशी बिनपगारी रजेची योजना आणली. यांची कंपनी या दोन्हींहून वेगळी होती, पण रात्री दोन वाजता फोनवर या बातम्या वाचणाऱ्या माणसाला तो फरक जाणवत नाही. शिवाय एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर आपल्या शहरातील विमाने आणि माणसे कशी एका फटक्यात कमी झाली, हे त्यांनी शेजारच्या काउंटरवरून पाहिलेले होते. त्यांची भीती निराधार नव्हती आणि ती निराधार आहे असे मी त्यांना एकदाही सांगितले नाही.

त्यांना माझ्याकडे त्यांच्या युनियनच्या स्थानिक प्रतिनिधींनी पाठवले. "माणूस बैठकीत काही बोलत नाही, कॅमेरा बंद ठेवतो आणि रात्री-अपरात्री मला राजीनाम्याचा मसुदा पाठवतो," एवढेच ते म्हणाले. पहिले बोलणे फोनवर झाले. कर्जाचा हप्ता, बंद झालेले रोस्टर (कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक), गावातल्यांचे प्रश्न असे बरेच सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, माझ्यापेक्षा माझ्या विम्याची किंमत जास्त आहे आता." हे वाक्य त्यांनी अगदी सहज, हिशेब सांगावा तसे उच्चारले.

मराठवाड्यात काम करणाऱ्या कोणत्याही समुपदेशकाने असे वाक्य कानाआड करू नये. मी त्यांना सरळ विचारले, "स्वतःचा जीव घ्यावा असे मनात येते का?" असे विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे, उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट बोलायला माणसाला जागा मिळते. विचार येतो, पण तसे काही ठरवलेले नाही, असे ते म्हणाले. त्यांच्याच संमतीने मी त्यांच्या पत्नींशी बोलले. ते दिवस फवारणीचे होते आणि कुटुंब तेव्हा गावाकडच्या घरी राहत होते. शेतातली औषधे घरात न ठेवता चुलत्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, कुलपात ठेवावीत आणि किल्ली चुलत्यांकडेच असावी, हे पहिल्याच दिवशी ठरले. मनोविकारतज्ज्ञांची भेट घेतली, झोपेसाठी आणि नैराश्यासाठी औषध सुरू झाले. पुढचे सारे काम या व्यवस्थेच्या आधारावर झाले. राजीनाम्याची चर्चा कितीही तातडीची वाटली, तरी तिचा क्रम यानंतरचाच होता.

बिनपगारी रजेचा त्रास मला अनेकदा प्रत्यक्ष नोकरी जाण्याहून अधिक चिवट वाटला आहे. नोकरी गेली की माणूस रडतो, चिडतो आणि दुसरे काम शोधू लागतो. रजेवरचा माणूस मात्र ओळखपत्र गळ्यात असूनही बेकार असतो. त्याला दुःख करण्याचीही मुभा वाटत नाही, कारण कागदोपत्री त्याचे काही गेलेलेच नसते. अशा वेळी मन सतत फोनकडे कान लावून बसते. या गृहस्थांच्या युनियनने यावर जे केले ते कोणत्याही मानसशास्त्रीय तंत्राच्या तोडीचे होते. प्रतिनिधींनी दर शनिवारी सायंकाळी ठरलेल्या वेळी सर्वांशी फोनवर बोलायचे असे ठरवले आणि सांगण्यासारखे काही नसले, तर "या आठवड्यात नवीन काही नाही" एवढे सांगण्यासाठीही ते बोलत. व्हॉट्सॲप गटावर ऐकीव यादी कोणी टाकली, तर 'लेखी आहे का?' एवढाच प्रश्न ते विचारत. शनिवारी कळेल हे पक्के झाल्यावर सोमवार ते शुक्रवार फोन तपासण्याचे प्रमाण खूपच कमी झाल्याचे मला या गृहस्थांच्या नोंदींत दिसले. अशाच एका शनिवारच्या बोलण्यात एकाने "नोकरी वाचेल ना?" असे विचारल्यावर प्रतिनिधींनी दिलेले उत्तर मी अजूनही इतरांना सांगते: "वाचेल असं मी म्हणणार नाही. पण तुमची सही फुकट जाऊ देणार नाही."

आता त्या सहीविषयी. व्यवस्थापनाकडून फोन आला होता की राजीनामा दिल्यास अनुभवाचे प्रमाणपत्र चांगले मिळेल आणि पुढे भरती झाली तर विचार होईल. लेखी काहीच नव्हते. युनियनने सर्वांना एकच उत्तर द्यायला शिकवले: "आपले म्हणणे कृपया ई-मेलने कळवा, मी विचार करून लेखी उत्तर देतो." या एका वाक्याने त्यांचा श्वास मोकळा झाला, कारण समोरच्याला नकार न देता वेळ मागता येतो हे त्यांना सुचलेच नव्हते. राजीनामा आणि कामगार कपात यांतला फरक युनियनच्या वकिलांनी आकड्यांत मांडला. तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार देणे बंधनकारक होते. नऊ वर्षांसाठी हे १३५ दिवस, म्हणजे साधारण साडेचार महिन्यांचा पगार होतो. स्वतःहून राजीनामा दिला की या भरपाईवरचा हक्कच संपतो. पाच वर्षे सेवा झालेली असल्याने ग्रॅच्युइटी दोन्ही स्थितींत मिळणार होती; मूळ पगार चौदा हजार धरला, तर ती सुमारे ७२,७०० रुपये होत होती. पदनामात 'एक्झिक्युटिव्ह' असले, तरी या भरपाईसाठी माणूस कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे की नाही हे प्रत्यक्ष कामावरून ठरते, हेही त्यांना प्रथमच कळले. भरपाईचा हिशेब रजेच्या काळातल्या घटलेल्या पगारावर न होता पगारकपातीपूर्वीच्या पगारावर व्हावा, रजा आळीपाळीने सर्वांना द्यावी, सेवेत खंड धरू नये आणि वैद्यकीय विमा चालू ठेवावा, या मागण्या युनियनने लेखी मांडल्या. टाळेबंदीतही पूर्ण पगार देण्याचा केंद्राचा २९ मार्चचा आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला होता आणि १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांनी वाटाघाटींनी मार्ग काढावा असे म्हटले होते. त्यामुळे वाटाघाटीच्या टेबलावर एकेकटे न जाता एकत्र जाणे हेच खरे बळ उरले होते.

माझ्या खोलीत मात्र वेगळाच प्रश्न पुनःपुन्हा येत होता: "मीच का? माझ्या कामात काय कमी होते?" त्यांनी गेल्या नऊ वर्षांतील प्रत्येक उशीर, प्रवाशाशी झालेली प्रत्येक शाब्दिक चकमक आठवून स्वतःविरुद्ध खटला उभा केला होता. मी कितीही समजावले, तरी माझे शब्द त्यांना सांत्वनच वाटत होते. बदल घडला तो युनियनने मिळवलेल्या ज्येष्ठता यादीमुळे. त्याच श्रेणीत सर्वांत शेवटी आलेल्याला आधी कमी करावे असा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. यादीत हे गृहस्थ मध्यावर होते, आणि रजेवर गेलेल्यांत त्यांच्या वरचे, पुरस्कार मिळालेले आणि कधीही उशीर न केलेले लोकही होते. ज्या मार्गांवरची विमाने बंद होती, त्या मार्गांची माणसे घरी बसली होती; कामाच्या दर्जाचा संबंध नव्हता. ती यादी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि नंतर बराच वेळ आपल्या सहकाऱ्यांविषयी बोलत राहिले. स्वतःविषयी सोडून दुसऱ्याविषयी ते तेव्हा पहिल्यांदाच बोलले. समुपदेशकाने केवळ मनाशीच काम करावे, कागदांत पडू नये, असा आमच्या व्यवसायात एक संकेत आहे. मला तो अशा प्रसंगी अन्यायकारक वाटतो. माणूस ज्या अपराधभावाने खचतो आहे तो चुकीच्या माहितीवर उभा असेल, तर खरी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवणे हाही उपचारच आहे.

पैशाविषयी थोडक्यात सांगते. रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्त्यांची सवलत ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत होती आणि तिच्या काळातले व्याज मात्र चालूच होते, हे त्यांना बँकेत जाऊन समजून घ्यावे लागले. भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी काढण्याची तेव्हा मुभा होती. त्यांनी पूर्ण मर्यादेपर्यंत न जाता दोन हप्ते आणि मुलीच्या शाळेची फी भागेल इतकेच काढले. रोस्टरवर वाढलेल्या माणसाला रिकामा दिवस खायला उठतो, म्हणून आम्ही नवे रोस्टर लिहिले: सकाळी मोसंबीच्या बागेत काम, दुपारी एक तास नोकरीचे अर्ज व युनियनची कागदपत्रे, सायंकाळी मुलीचा अभ्यास, आणि काळजी करायला म्हणून राखून ठेवलेली वीस मिनिटे. बाकीच्या वेळी आलेली काळजी वहीत एका ओळीत लिहून त्या वीस मिनिटांसाठी ठेवायची.

घरी सांगण्याचा प्रश्न सर्वांत जास्त लांबला. पत्नींना ठाऊक होते, पण वडिलांना 'टाळेबंदीची सुट्टी' असेच सांगितलेले होते आणि विमाने सुरू झाल्यावर ते सांगणे टिकेना. आम्ही त्या बोलण्याची तयारी केली. काय झाले, आपल्या हातात आता काय आहे, आणि वडिलांकडून काय हवे, एवढे तीनच मुद्दे त्यांनी ठरवले. माफी मागायची नाही, हेही ठरवले, कारण माफी मागण्यासारखे त्यांनी काही केलेच नव्हते. वडील ऐकून घेऊन म्हणाले, "पारावर कुणाकडून कळण्याआधी तूच सांगितलंस, हे बरं केलंस." आणि मग त्यांनी हप्ता किती आहे ते विचारले. त्या रात्री हे गृहस्थ बऱ्याच दिवसांनी सलग झोपले, असे त्यांच्या पत्नींनी कळवले.

सामान चढवणारी कंत्राटी मुले या युनियनमध्ये नव्हती आणि त्यांना तर पत्रही न देता कामावरून कमी केले गेले, याचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि आजही वाटते. प्रतिनिधींनी त्यांच्यापैकी ज्यांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) पैसे कापले जात होते, त्यांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचे अर्ज भरून दिले; त्या वर्षी या योजनेत पात्र व्यक्तीला सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळत होती. अर्जासाठी लागणारी कागदपत्रे सगळ्यांकडे नव्हती.

या गृहस्थांना पुढे आळीपाळीच्या रोस्टरवर, कमी पगारात परत बोलावले गेले. दोन सहकारी कपातीत गेले, पण राजीनामा न दिल्याने नोटिशीचा पगार आणि भरपाई घेऊन गेले. आज याच पेचात असणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. कपातीच्या भरपाईचे पंधरा दिवसांचे सूत्र तिच्यात कायम आहे, पण कामावरून काढल्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, तेव्हा आपल्या युनियनकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारायला वेळ लावू नये. विमान वाहतूक सेवेतील विवादांसाठी हे कार्यालय राज्याचे नसून केंद्राचे असते. आणि जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर कागदपत्रे बाजूला ठेवून आधी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे, कोणत्याही वेळी लागतो आणि तेथे मराठीत बोलता येते.