पहिल्याच दिवशी गणपतीपुळे गाठू नका, दिवेआगरला थांबा

ताई, तुमचा प्लॅन वाचला. ठाण्याहून ३८ माणसं, एकच बस, आठ दिवस, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, निघायचं २४ जानेवारीच्या शनिवारी आणि पहिला मुक्काम थेट गणपतीपुळ्याला, कारण ग्रुपचं म्हणणं की पहिल्या दिवशी सगळे फ्रेश असतात तेव्हाच जास्त अंतर कापून घेऊ. हे बऱ्याच ग्रुपचं म्हणणं असतं आणि माझं उत्तर दरवेळी एकच, असं अजिबात करू नका.

एक तर पहिल्या दिवशी फ्रेश कोणीच नसतं. आदल्या रात्री बारापर्यंत बॅगा भरणं चालू असतं, पहाटे चारला उठायचं म्हणून धड झोप नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची सोय लावून निघालेली अर्धी माणसं मनाने अजून घरीच असतात. दुसरं म्हणजे किनाऱ्याने गणपतीपुळे म्हणजे वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, अगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. बस घेऊन एका दिवसात चार बोटी होत नाहीत, मग नाइलाजाने हायवे धरावा लागतो आणि ज्या किनाऱ्यासाठी निघालात त्याचा रायगडातला सगळा भाग न बघताच मागे जातो. म्हणून पहिल्या दिवशी फक्त दिवेआगर. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, अगरदांडा, तिथून बोटीने दिघी आणि पुढे थोडंसं अंतर. सगळं मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, एकच बोट, चार-सव्वाचारपर्यंत मुक्कामी. ग्रुपमधले काही म्हणतील की इतकं जवळ तर आम्ही वीकेंडला पण जातो, म्हणू द्या. पहिल्या दिवसाचं खरं काम ३८ जणांची एक टीम होणं हे आहे आणि ते बस धावत असताना होत नाही, थांबल्यावर होतं.

आता बोटीचं जरा नीट सांगतो कारण नकाशावर ती नुसती एक रेघ दिसते. अगरदांडा-दिघी पार करायला पंधरा-वीस मिनिटंच लागतात, बस पण चढते, पण कधी पोचता त्यावर सगळं आहे. ओहोटीला पाणी खाली गेलं की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांचा कोन वाढतो, आणि लांब बसचा मागच्या चाकांच्या मागचा जो भाग असतो तो खाली घासतो. कारवाल्यांना हे कळत पण नाही, बसवाल्याचा मात्र बंपर आणि डिकीचा पत्रा जातो. म्हणून पाणी चढतं असताना पोचायचं.

आणि ते घरबसल्या काढता येतं. आपल्याकडे किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. कालनिर्णय उघडा, २४ ला षष्ठी आहे, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि मधे साडेदहाला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेटवर भरतीचं टेबल मिळतं त्यात पडताळून घ्या, पण प्लॅन करायला एवढं पुरतं. तुम्ही अडीच-तीनला अगरदांड्याला पोचलात तर पाणी चढतंच असणार. शिवाय षष्ठी ते अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, भरती-ओहोटीत फरक कमी, बस चढवायला हे दिवस चांगलेच. त्याचीच दुसरी बाजू पण बघा, भांगाला ओहोटी असली तरी पाणी फार मागे जात नाही, त्यामुळे साडेदहाला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाऊ असं ज्यांच्या डोक्यात असेल त्यांना आधीच सांगा की कोरडी वाट मिळेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला पण हेच. सप्तमी, म्हणजे सव्वापाचला भरती आणि सव्वाअकराला ओहोटी, देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणा करायची तर दहा ते बाराच्या मधेच आणि ती पण तिथल्या गुरुजींना विचारून, खडकावर लाटा येत असतील तर सरळ सोडून द्यायची, देवाचं दर्शन झालं की झालं. दिवेआगरला राहिलात तर ही वेळ आरामात साधते, हे पण एक कारण आहेच.

बोटीवर चढताना बसमधे फक्त ड्रायव्हर, बाकी सगळ्यांनी उतरून चालत जायचं. गुडघेदुखीवाल्यांना आधी हात धरून न्या, फळीवर शेवाळ असतं. वर गेल्यावर खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो, पहिल्या दिवशी तेवढंच पुरे. राजपुरीहून होडीने किल्ल्यात जायचा मोह होईल पण २६ जानेवारीला जोडून सुट्टी आहे, रांग असणार, ३८ जणांना होडीत चढवून उतरवून परत मोजून घ्यायचं म्हणजे तीन तास कुठे गेले कळणार नाही. मुरूड सोडल्यावर नवाबाच्या वाड्याजवळच्या चढावर दोन मिनिटं बस थांबवता आली तर बघा, समुद्रात जंजिरा आणि पद्मदुर्ग दोन्ही दिसतात. याच सुट्टीमुळे बोटीला गाड्यांची पण रांग असेल, म्हणून आदल्या दिवशी फोन करून बसची लांबी सांगा आणि जागा होईल का ते विचारा. बोट चुकली तर तळा-म्हसळ्याकडून मोठा वळसा आहे, त्यात संध्याकाळ जाते.

निघायची वेळ पहाटे पाच आणि पाच म्हणजे पाचला चाक फिरलं पाहिजे, कारण वडखळ नाक्याला उजेड झाल्यावर मुंबईची सगळी गर्दी येऊन मिळते. सामान रात्रीच गोळा करता आलं तर उत्तम. नारळ मात्र फोडा, घाई आहे म्हणून राहू देऊ नका. आणि ग्रुपमधे कोणी तळकोकणातले आजोबा असतील तर त्यांना देवाला गाऱ्हाणं घालायला सांगा, ३८ जणांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हटलं की एकमेकांची ओळख नसलेली माणसं पण हसून बघतात, आणि मला मनापासून वाटतं की ट्रिप तिथे सुरू होते, इंजिन चालू केल्यावर नाही.

नाष्टा पेणला, पोहे किंवा उपमा. वडे-मिसळ नको, पुढे कार्लेखिंड आहे आणि रेवदंड्यानंतर रस्ता सारखा वळतो, ज्यांना बस लागते त्यांची गोळी निघायच्या अर्धा तास आधी व्हायला हवी (डॉक्टरांना विचारूनच), आलेपाक आणि आवळासुपारी पुढच्या सीटवर ठेवा. पुढच्या तीन रांगा अशा माणसांना आणि वयस्कर लोकांना, पहिल्या दिवसापासून. बाकी सीट रोज बदलायच्या हे पहिल्याच दिवशी जाहीर करा, तिसऱ्या दिवशी सांगितलं तर भांडण होतं. आणि ३८ जणांचा दहा मिनिटांचा चहा असं काही नसतं हो, संडास चार असले तर बायकांचीच रांग अर्धा तास चालते, प्रत्येक हॉल्टला चाळीस मिनिटं धरूनच चला. माणसं डोकी मोजून मोजू नका, जोड्या लावून द्या, आपला जोडीदार आलाय का एवढंच प्रत्येकाने बघायचं, लग्न झालेल्यांच्या जोड्या पण वेगवेगळ्या लावा, नवीन ओळखी होतात.

ड्रायव्हरबद्दल. जानेवारीत लग्नसराई असते, बुकिंग करताना सरळ विचारा की आदल्या रात्री हा माणूस कुठल्या वऱ्हाडाला तर नव्हता ना. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती, ती काही उगाच नव्हती. मुक्कामाला त्याच्यासाठी पंखा आणि गादी असलेली खोली आधीच सांगून ठेवा, बसमधे झोपायला लावू नका, आणि जेवण आपल्याच पंगतीत. तुमची सगळ्यांची आठ दिवसांची जबाबदारी त्याच्यावर आहे, त्याच्या झोपेपेक्षा महत्त्वाचं काही नाही. बस घेताना एअर सस्पेन्शनवाली खाली बसलेली लक्झरी घेऊ नका, लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवरची उंच बस घ्या. रस्त्याचा साधा नियम म्हणजे जिथे एसटीचा लाल डबा जातो तिथे आपली बस जाते, शंका आली की स्टँडवर जाऊन एसटीच्या ड्रायव्हरला विचारायचं, मॅपवर विश्वास ठेवून वाडीतल्या गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधे शिरायचं नाही.

दिवेआगरला पोचल्यावर चहा, आणि सुवर्णगणेशाचं दर्शन. १९९७ ला बागेत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा २०१२ ला दरोड्यात गेला आणि परत मिळालेल्या सोन्यातून नवा घडवून २०२१ ला बसवला, ते दुःख आणि तो आनंद गावाने कसा पाहिला हे तिथल्या माणसांकडून ऐका. मग समुद्र, पण गुडघ्याच्या वर कोणीही जायचं नाही कारण साडेचारनंतर पाणी ओसरायला लागतं आणि ओसरतं पाणी ओढतं. पोहता येतं म्हणणाऱ्यांना तर दोनदा सांगा.

रात्री पोपटी ठेवा, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत. हे मी आग्रहाने सांगतोय. वालाच्या शेंगांचा सीझन आहे, होमस्टेवाल्यांना आठ दिवस आधी सांगितलं तर करतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन, परत पाला दाबून तोंड गच्च बंद, मडकं उलटं करून भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवायचं, पाण्याचा एक थेंब आत नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकतात, मग उघडतात. शनिवार आहे, बरेच जण नॉनव्हेज खाणार नाहीत, त्यांचं मडकं वेगळं सांगा आणि आकडा आधीच घेऊन ठेवा. आगीभोवती उभं राहून गरम शेंगा सोलत माणसं जेवढं बोलतात तेवढं बसमधल्या माईकवर ओळख करून देऊन कधीच बोलत नाहीत. त्याच वेळी पाच मिनिटांत दुसऱ्या दिवसाची वेळ सांगून टाका, साडेआठला बस हलणार, आणि दहाला सगळे झोपायला.

वर्गणी मात्र निघायच्या आधीच जमा करा, थोडी कॅश जवळ ठेवा, दिघीच्या बाजूला नेटवर्कचा भरवसा नाही. बसची लांबी किती फूट ते कळवा, मग बागमांडला-वेसवीची वेळ आणि पुढे केळशी-आंजर्ल्याच्या रस्त्याने ती जाईल का ते सांगतो.