बेडकाच्या कातडीत हिरवं रंगद्रव्य असतं का?

प्रश्न असा आलाय की बेडकाच्या कातडीतल्या पिगमेंटला मराठीत रंगद्रव्य म्हणायचं की रंजक, आणि 'बेडकाच्या त्वचेत हिरवं रंगद्रव्य असतं' हे वाक्य बरोबर आहे का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, रंगद्रव्य म्हणा. रंजक चुकीचा नाही, रंग, रंजन, राग हे सगळे संस्कृत रञ्ज् धातूचेच, पण आज रंजक म्हटलं की लोकांना मनोरंजक तेवढंच आठवतं आणि 'त्वचेतील रंजक' वाचताना माणूस अडखळतो.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण ते वाक्य बहुतेक हिरव्या बेडकांना लागूच पडत नाही. त्यांच्या कातडीत रंगपेशींचे, म्हणजे क्रोमॅटोफोरचे, तीन थर असतात, वरच्यात पिवळी रंगद्रव्यं, मधल्यात ग्वानिनचे बिनरंगी चपटे स्फटिक आणि खाली मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य. स्फटिकांवरून निळसर उजेड परत फिरतो, तो पिवळ्या थरातून गाळून येतो म्हणून आपल्याला हिरवा दिसतो, हिरवं असं काही आत नसतंच. एखाद्या बेडकात पिवळा थर तयारच झाला नाही तर तो चक्क निळा दिसतो! म्हणून क्रोमॅटोफोरला मी 'रंगद्रव्यपेशी' म्हणत नाही, मधल्या थरात रंगाचं द्रव्यच नाही तर ते नाव बसणार कसं, 'रंगपेशी' पुरे. काही अर्धपारदर्शक झाडबेडकांत मात्र बिलिव्हर्डिन हे खरंच हिरवं रंगद्रव्य असतं, त्यांच्याबद्दल लिहिताना ते वाक्य खुशाल वापरा.

आणि क्रियापदाचंही बघा. 'रंग बदलतो' चूक नाही पण फार मोघम आहे. थोड्या वेळात होणाऱ्या बदलात रंगद्रव्य तेच राहतं, फक्त मेलॅनिनचे कण पेशीच्या फाट्यांमध्ये पसरले की बेडूक काळवंडतो आणि मध्यभागी गोळा झाले की उजळतो. इतकी नेमकी क्रियापदं आपल्याकडे आहेत तर ती वापरावीत ना.

ह्यातूनच अजून एक शब्द आलाय. १९५८ मध्ये आरन लर्नर ह्या त्वचारोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून बेडकाची कातडी उजळवणारं द्रव्य वेगळं काढलं. तेच मेलाटोनिन, आज आपण झोपेचं हार्मोन म्हणून ओळखतो ते, आणि त्याच्या नावातला 'मेला' म्हणजे ग्रीक 'मेलास', काळा, मेलॅनिनमधला तोच.